२३५ आणि १५७ : अर्जावरच्या नावाची कसोटी

जुलै २००१ पासून पुढचे काही महिने बॉस्टन आणि शिकागोतल्या कंपन्यांकडे नोकरीचे असे अर्ज येत होते, ज्यांच्यामागे माणसंच नव्हती. शिक्षण, अनुभव, पत्ता, फोन नंबर सगळं व्यवस्थित, पण अर्जदार कागदावरचा. शिकागो विद्यापीठाच्या मारियान बर्ट्रांड आणि तेव्हा एमआयटीत असलेले सेंधिल मुल्लैनाथन हे दोन अर्थशास्त्रज्ञ हे अर्ज पाठवत होते. रविवारच्या बॉस्टन ग्लोब आणि शिकागो ट्रिब्यूनमधल्या ‘पाहिजेत’च्या जाहिराती ते निवडत. विक्री, कार्यालयीन मदत, कारकुनी आणि ग्राहकसेवा अशा नोकऱ्या होत्या. एका जाहिरातीला साधारणपणे चार अर्ज जात, दोन दमदार आणि दोन बेताचे. दमदार जोडीतल्या एका अर्जावर एमिली किंवा ग्रेगसारखं गोऱ्या कुटुंबातलं वाटणारं नाव, दुसऱ्यावर लकिशा किंवा जमालसारखं कृष्णवर्णीय कुटुंबातलं वाटणारं. बेताच्या जोडीतही तसंच. कुठल्या अर्जावर कुठलं नाव जाणार, हे सोडतीने ठरे.

मग वाट पाहायची. कुणाच्या नंबरवर मुलाखतीचा निरोप येतो, तेवढंच टिपायचं.

समाजशास्त्र आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मी संशोधन पद्धती शिकवते. त्यांच्या प्रबंधांत विश्लेषणाच्या प्रकरणात एक वाक्य पानोपानी भेटतं: ‘पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पना त्याज्य ठरते.’ वाक्य बरोबर असतं. पण लिहिणाऱ्याला विचारलं, ‘म्हणजे तुला नेमकं काय कळलं?’ की शांतता पसरते. ही त्या मुलांची चूक आहे असं मला वाटत नाही. कसोटीचं बटण कुठे आहे हे त्यांना दाखवलं जातं, कसोटी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते हे सांगायचं राहून जातं. म्हणून दरवर्षी मी या एकाच अभ्यासाचे आकडे घेऊन बसते. यातला एक निष्कर्ष कसोटीवर लख्ख उतरतो आणि त्याच्या शेजारीच दुसरा डळमळतो. दोन्ही एकाच शोधनिबंधात, दोन्ही तितक्याच ठामपणे मांडलेले. दोघांतला फरक ओळखता आला की पी-मूल्य कळलं.

नावं कुठून आली

नावांची निवड हा या अभ्यासाचा पाया आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७४ ते १९७९ या काळात जन्मलेल्या मुलांच्या जन्मनोंदी घेऊन कुठली नावं प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांत आणि कुठली कृष्णवर्णीय कुटुंबांत ठेवली जात, हे आधी पाहिलं गेलं. तेवढ्यावर न थांबता शिकागोतल्या सार्वजनिक ठिकाणी लोकांना ती नावं दाखवून ‘हे नाव कुणाचं वाटतं?’ असंही विचारलं. मॉरिस आणि जेरोम ही नावं जन्मनोंदींप्रमाणे कृष्णवर्णीयांची ठरत होती, पण लोकांना तशी वाटत नव्हती. ती गाळली. शेवटी प्रत्येक वंशाची नऊ पुरुषी आणि नऊ स्त्रियांची, अशी एकूण ३६ नावं उरली.

आणि सोडत. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत ही नसते. ओळखीच्या दोन वस्त्यांतून किंवा आपल्याच महाविद्यालयातून शंभर-दीडशे प्रश्नावल्या भरून घेतलेल्या असतात. अशा माहितीवर कसोटी लावली तर संगणक निमूटपणे पी-मूल्य देतो, पण त्या आकड्याला आधार कशाचा? पी-मूल्याचं सगळं गणित एका कल्पनेवर उभं असतं: दोन गटांत फरक पाडणारी गोष्ट फक्त नशीब असतं तर काय झालं असतं? बॉस्टन-शिकागोच्या प्रयोगात ही कल्पना शब्दशः खरी आहे. नावं सोडतीने वाटली, त्यामुळे नावाचा काहीच परिणाम नसेल तर दोन गटांतल्या निरोपांत फरक पाडायला नशिबाखेरीज दुसरं काही उरतच नाही. शून्य परिकल्पना म्हणजे हेच विधान: ‘नावाने काही फरक पडत नाही, जो दिसतो तो सोडतीचा खेळ.’ पर्यायी परिकल्पना: ‘नावाने फरक पडतो.’

चिठ्ठ्यांचा रांजण

आता आकडे. गोरं वाटणाऱ्या नावाचे २,४३५ अर्ज गेले, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाचेही २,४३५. पहिल्या गटाला २३५ निरोप आले, दुसऱ्याला १५७. टक्केवारीत ९.६५ आणि ६.४५.

फरक डोळ्यांना दिसतो. प्रश्न एवढाच की असा फरक निव्वळ सोडतीतून किती सहज येऊ शकतो? सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मी वर्गात एक रांजण डोळ्यांसमोर आणायला सांगते. त्यात ४,८७० चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या ३९२ चिठ्ठ्यांवर ‘निरोप आला’ असं लिहिलंय, कारण एकूण निरोप तेवढेच होते. बाकीच्या कोऱ्या. नावाने काहीच फरक पडत नसेल तर डोळे मिटून २,४३५ चिठ्ठ्या काढून त्यांना ‘गोऱ्या’ म्हणायचं आणि उरलेल्यांना ‘कृष्णवर्णीय’, एवढंच प्रयोगात घडलं असं समजायचं. लिहिलेल्या चिठ्ठ्या सरासरीने निम्म्या-निम्म्या वाटल्या जातील, १९६ आणि १९६. पण प्रत्येक वेळी बरोबर १९६ येणार नाहीत. कधी २०३ येतील, कधी १८९. चिठ्ठ्या परत टाकून हाच खेळ हजारो वेळा केला तर हे आकडे १९६ च्या भोवती पसरतील, आणि त्या पसाऱ्याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ९.५ येतं. शंभरातल्या ९५ खेळांत आकडा साधारण १७७ ते २१५ यांच्या दरम्यान राहील.

प्रत्यक्षात आले २३५. म्हणजे मध्यापासून ३९ ने दूर, पसाऱ्याच्या मापात ४.१ पट. इतकं किंवा याहून जास्त अंतर, कुठल्याही बाजूला, नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळातून येण्याची शक्यता सुमारे ०.००००४. पंचवीस हजार खेळांत एखादा. हे पी-मूल्य. दोन टक्केवाऱ्यांमधला फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी (म्हणजे नशिबाने तो फरक साधारण किती हलेल याचं माप), हे पुस्तकातलं सूत्र वापरलं तरी उत्तर तेच ४.१ येतं. सूत्र म्हणजे रांजणाचाच हिशेब, थोडक्यात मांडलेला.

पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेलं की फरक ‘सार्थक’ म्हणायचा, ही सार्थकता पातळीची सीमा कुठून आली, असं इथे कुणीतरी विचारतंच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये विसांत एक ही सोयीची रेघ सुचवली आणि ती रूढ झाली. पुढे १९३३ मध्ये येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी दोन चुकांची मांडणी केली: नसलेला फरक आहे म्हणणं ही पहिल्या प्रकारची चूक, आणि असलेला फरक निसटणं ही दुसऱ्या प्रकारची. ०.०५ ची रेघ फक्त पहिल्या चुकीवर लगाम ठेवते. दुसरीचा विषय या लेखात शेवटी येईल, आणि माझ्या मते आपल्याकडे जास्त नुकसान तिनेच होतं.

ओलं अंगण

०.००००४ हे मूल्य पाहून विद्यार्थी हमखास लिहितात: ‘भेदभाव असल्याची ९९.९९६ टक्के खात्री आहे.’ हे चूक आहे, आणि ही चूक मुळाशी जाऊन समजून घेतली पाहिजे.

सकाळी दार उघडलं आणि अंगण ओलं दिसलं. ‘पाऊस पडला नसताना अंगण ओलं असण्याची शक्यता किती?’ हा एक प्रश्न. ‘अंगण ओलं दिसतंय, तर पाऊस पडलाच नसण्याची शक्यता किती?’ हा दुसरा. ज्या घरी रोज पहाटे सडा पडतो तिथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘जवळजवळ शंभर टक्के’ आहे, मग महिना कुठलाही असो. दुसऱ्याचं उत्तर मात्र जुलै आहे की जानेवारी यावर ठरेल. पी-मूल्य पहिल्या प्रकारचं उत्तर देतं: नाव बिनमहत्त्वाचं असतं तर असे आकडे किती विरळा असते. नाव बिनमहत्त्वाचं असण्याची शक्यता किती, हे ते सांगत नाही. ते सांगायला महिना कुठला हेही लागतं, म्हणजे याआधीचे अभ्यास, त्या समाजाचा इतिहास, रोजचा अनुभव. अमेरिकेतल्या वंशभेदाच्या बाबतीत या सगळ्याचं पारडं आधीच जड होतं. म्हणून इथे शून्य परिकल्पना सोडायला फारसा जीव लागत नाही. एखाद्या विचित्र दाव्याच्या बाजूने हेच पी-मूल्य आलं असतं, तर मी इतक्या सहज मान डोलावली नसती.

एका रांजणाचे तेराशे रांजण

वर मी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली. सगळ्या चिठ्ठ्या एकाच रांजणात टाकल्या, पण अर्ज सुटे नव्हते. एकाच जाहिरातीला चार गेले होते. एखाद्या कंपनीला खरोखर घाईने माणूस हवा असेल तर ती चौघांनाही बोलावेल, आणि जागा आधीच भरली असेल तर कुणालाच बोलावणार नाही. चार उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. ४,८७० स्वतंत्र निरीक्षणं असल्यासारखा हिशेब करणं म्हणूनच पूर्ण प्रामाणिक नाही. मूळ संशोधकांनीही आपल्या पुढच्या विश्लेषणात एका जाहिरातीचे अर्ज एका गठ्ठ्यातले धरूनच प्रमाण त्रुटी काढल्या.

यावर एक फार साधी, हाताने करता येणारी तपासणी आहे आणि ती मला पहिल्या हिशेबापेक्षा आवडते. जाहिरात हेच एकक धरायचं. एकूण १,३२३ जाहिराती. त्यांतल्या १,१६६ ठिकाणी दोन्ही वंशांच्या नावांना सारखी वागणूक मिळाली, आणि त्यातही १,१०३ ठिकाणी कुणालाच बोलावणं आलं नाही. उरल्या १५७ जाहिराती (हा आकडा वरच्या १५७ निरोपांशी योगायोगाने जुळतो, गोंधळ नको). या १५७ मध्ये पारडं कुठेतरी झुकलं. १११ ठिकाणी गोऱ्या नावाकडे, ४६ ठिकाणी कृष्णवर्णीय नावाकडे.

नावाने फरक पडत नसेल तर झुकलेलं पारडं कुठे झुकेल, ही नुसती नाणेफेक. १५७ वेळा नाणं उडवलं तर छापा सरासरीने ७८ किंवा ७९ वेळा पडेल, आणि पसाऱ्याचं माप सुमारे सव्वासहा. १११ वेळा छापा म्हणजे मध्यापासून पाच पटींहून दूर. योगायोगाने असं घडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी. एकमेकांत गुंतलेल्या अर्जांचा प्रश्न मिटला आणि निष्कर्ष उलट अधिक पक्का झाला, कारण आता तुलना एकाच कंपनीच्या एकाच टेबलावरच्या अर्जांची आहे.

पण त्या ४६ जाहिरातींकडेही पाहा. तिथे कृष्णवर्णीय नावाला झुकतं माप मिळालं. ‘आमच्या ओळखीत तर उलटं घडलं’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो त्या ४६ मधला असतो.

सार्थक म्हणजे मोठं नव्हे

आपल्या भाषेत इथे एक खास अडचण आहे. ‘सार्थक’ म्हटलं की ‘जन्माचं सार्थक झालं’ आठवतं आणि ‘लक्षणीय’ म्हटलं की नजरेत भरेल असं काहीतरी. सांख्यिकीतली सार्थकता यातलं काहीच सांगत नाही. हा फरक नशिबावर ढकलता येण्याजोगा नाही, एवढंच ती म्हणते. नमुना पुरेसा मोठा असेल तर क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये जे निवेदन काढलं त्यातही हे स्पष्ट म्हटलं आहे, की पी-मूल्य परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजत नाही.

मग आकार किती? ९.६५ वजा ६.४५, म्हणजे ३.२ टक्केबिंदू. ऐकायला किरकोळ वाटतं. तोच आकडा दुसऱ्या तऱ्हेने सांगितला तर गोऱ्या नावाला दीडपट बोलावणी. तिसऱ्या तऱ्हेने, एका बोलावण्यासाठी एमिलीला साधारण दहा अर्ज करावे लागतात, लकिशाला पंधरा. तिन्ही खरं आहे. मला शेवटचं सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात अर्ज करणाऱ्या माणसाचे दिवस मोजले जातात. पाच जास्तीचे अर्ज, पाच वेळा वाट पाहणं, आणि हे प्रत्येक बोलावण्यामागे. संशोधकांनी आणखी एक तुलना दिली: नुसत्या गोऱ्या नावाने जेवढी बोलावणी वाढतात तेवढी वाढवायला अर्जात सुमारे आठ वर्षांचा जास्तीचा अनुभव लागतो.

आकारासोबत त्याची अनिश्चितताही सांगायला हवी. या आकड्यांवरून ९५ टक्क्यांची विश्वास मर्यादा साधारण १.७ ते ४.७ टक्केबिंदू येते. खरा फरक त्या दोन शहरांतल्या त्या नोकऱ्यांसाठी १.७ इतका लहान असू शकेल किंवा ४.७ इतका मोठा. शून्य मात्र त्या पट्ट्यात नाही. प्रबंधात पी-मूल्याच्या शेजारी हा पट्टा लिहिला तरी अर्धी लढाई जिंकली, असं मी मुलांना सांगत असते.

दोन तारे आणि एक सापळा

आता डळमळणाऱ्या निष्कर्षाकडे येऊ. इथेच मला सर्वांत जास्त वेळ घालवायचा आहे.

प्रत्येक जाहिरातीला दोन दमदार आणि दोन बेताचे अर्ज जात होते हे वर सांगितलं. दमदार म्हणजे सुटीतलं काम, स्वयंसेवा, संगणकाचं जास्तीचं ज्ञान, एखादं प्रमाणपत्र किंवा परकी भाषा वगैरे भर घातलेला. त्यामुळे एक सुंदर प्रश्न विचारता येतो: अर्ज सुधारल्याचा फायदा दोघांना सारखाच होतो का? गोऱ्या नावांत बेताच्या अर्जांना ८.५० टक्के निरोप आले आणि दमदार अर्जांना १०.७९. फरक २.२९, पी-मूल्य सुमारे ०.०५६. कृष्णवर्णीय नावांत ६.१९ आणि ६.७०. फरक ०.५१, पी-मूल्य सुमारे ०.६१.

यावरून जगभर सांगितली गेलेली गोष्ट अशी: गोऱ्याने अर्ज सुधारला तर फळ मिळतं, कृष्णवर्णीयाने सुधारला तर मिळत नाही. शोधनिबंधाच्या सारांशात याची सौम्य आवृत्ती आहे: अर्जाचा दर्जा वाढला की गोऱ्या नावांची बोलावणी कृष्णवर्णीय नावांपेक्षा जास्त वाढतात. आणि ही गोष्ट काळजाला भिडते. तिचं धोरणात्मक वजनही मोठं आहे, कारण ‘शिका, कौशल्यं वाढवा, आपोआप संधी मिळेल’ या उपदेशाच्या मुळावरच ती घाव घालते.

पण हा दावा कशाबद्दल आहे? दोन गटांतल्या फायद्यांच्या फरकाबद्दल. २.२९ वजा ०.५१, म्हणजे १.७८ टक्केबिंदू. कसोटी लावायची तर या १.७८ ला लावायला हवी. एका गटात पी-मूल्य रेघेच्या जवळ आलं आणि दुसऱ्यात दूर राहिलं, एवढ्याने दोन गट वेगळे ठरत नाहीत. हिशेब करू. प्रत्येक कप्प्यात सुमारे बाराशे अर्ज आहेत. गोऱ्या नावांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.२० टक्केबिंदू, कृष्णवर्णीय नावांतली सुमारे १.००. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे १.५६. आता १.७८ भागिले १.५६ म्हणजे १.१४. पी-मूल्य सुमारे ०.२५. नशिबाच्या खेळात चारांत एकदा एवढी तफावत येईल.

म्हणजे या आकड्यांवरून ‘अर्ज सुधारण्याचा फायदा दोघांना सारखाच होतो’ असंही म्हणता येत नाही, आणि ‘वेगवेगळा होतो’ असंही सिद्ध होत नाही. संशोधकांवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की त्यांनी अर्जाचा दर्जा मोजण्याची दुसरी एक पद्धतही वापरली होती, आणि तिच्यात कृष्णवर्णीय नावांनाही दमदार अर्जाचा स्पष्ट फायदा झालेला दिसतो, गोऱ्यांपेक्षा कमी असला तरी. ‘मुळीच फळ मिळत नाही’ ही लोकप्रिय आवृत्ती तिथेही टिकत नाही.

२००६ मध्ये अँड्र्यू गेल्मन आणि हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञांनी नेमका हा सापळा एका लेखात उघडा केला: सार्थक आणि असार्थक यांमधला फरक स्वतः सार्थक असेलच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत हा सापळा दर दोन-चार वर्षांनी नव्या वेषात येतो. ‘शहरी महिलांत शिक्षण आणि निर्णयस्वातंत्र्य यांचा संबंध सार्थक आढळला, ग्रामीण महिलांत असार्थक. यावरून ग्रामीण भागात शिक्षणाचा परिणाम होत नाही असे दिसते.’ तक्त्यात एका आकड्यावर सार्थकतेची खूण म्हणून तारा आहे, दुसऱ्यावर नाही, आणि त्या ताऱ्यांच्या जिवावर ग्रामीण बायकांच्या शिक्षणाबद्दल एक विधान छापलं जातं. बहुतेकदा ग्रामीण गटाचा नमुनाच निम्मा असतो. तिथे तारा न येण्याचं कारण तेवढंच असू शकतं. असं विधान एखाद्या योजनेच्या कागदावर गेलं तर त्याची किंमत त्या बायका मोजणार.

ब्रॅड आणि आयेशा

निबंधात प्रत्येक नावाची टक्केवारीही आहे आणि वाचकाचा डोळा आधी तिथेच जातो. ब्रॅडला १५.९ टक्के निरोप आले, आयेशाला २.२. पण ब्रॅडच्या नावाने फक्त ६३ अर्ज गेले होते आणि निरोप आले दहा. विश्वास मर्यादा साधारण ७ ते २५ टक्के इतकी रुंद. त्यातून ३६ नावं एकेक करून तपासली तर, नावानावांत खरा फरक मुळीच नसला तरी, ०.०५ च्या रेघेबाहेर सरासरीने दोनेक नावं नुसत्या योगायोगाने जाणारच. सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं नाव उचलून त्यांवर कथा रचणं म्हणजे सोडतीत कुणाला बक्षीस लागलं हे पाहून त्याच्या हातगुणाची चर्चा करणं.

कसोटी जिथे गप्प बसते

नावाने फरक पडतो हे ठरलं. का पडतो? पी-मूल्याकडे याचं उत्तर नाही. नावातून वंश कळतो, पण आईवडिलांचं शिक्षण आणि ऐपत यांचाही अंदाज बांधला जात असेल. रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जन्मनोंदींवरून दाखवलं, की ठळक कृष्णवर्णीय नावं आणि कुटुंबाची बेताची परिस्थिती यांचा संबंध आहे. मग मालकाने वंश पाहिला की वर्ग? बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी ही शंका स्वतःच घेतली होती. त्यांनी त्या त्या नावाच्या मुलांच्या आयांचं शिक्षण आणि मिळालेले निरोप यांची सांगड घालून पाहिली, आणि केवळ वर्गाच्या अंदाजाने हा फरक उलगडतो असं त्यांना आढळलं नाही. हा युक्तिवाद पी-मूल्याच्या बाहेरचा आहे. तो आकड्यांनी, वाचनाने आणि माणसं ओळखून करावा लागतो. ‘आम्ही समान संधी देतो’ असं जाहिरातीत छापणाऱ्या कंपन्यांतही फरक इतरांइतकाच निघाला, हे मला पी-मूल्याइतकंच बोलकं वाटतं.

आपल्याकडची दोन उत्तरं

२००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे आपल्याकडेही असा प्रयोग झाला. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. नाव कधी उच्चवर्णीय हिंदू वाटणारं, कधी दलित, कधी मुस्लिम. २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत आलेल्या निष्कर्षांप्रमाणे, बोलावणं येणं आणि न येणं यांचं जे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाला मिळालं, त्याच्या ०.६७ पट दलित नावाला आणि ०.३३ पट मुस्लिम नावाला मिळालं. खुल्या बाजारात जात पाहिली जात नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी हे आकडे होते. पदवी हातात असलेल्या, पहिल्याच चाळणीला उभ्या राहिलेल्या मुलामुलींचे.

त्यानंतर २००९ मध्ये बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांचाच, अभिजित बॅनर्जी आणि सौगत दत्ता यांच्यासह केलेला, दिल्ली परिसरातला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून भेदभावाचा पुरावा सापडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र उच्चवर्णीय आणि इतर मागासवर्गीय नावांत सार्थक फरक निघाला, अनुसूचित जातींच्या बाबतीत त्याहून कमी. मुस्लिम नावांविरुद्ध भेदभावाचाही पुरावा सापडला नाही.

‘पुरावा सापडला नाही’ हे वाक्य ‘भेदभाव नाही’ असं वाचलं जातं, आणि इथे दुसऱ्या प्रकारची चूक आत शिरते. बॉस्टन-शिकागोचाच प्रयोग कुणी प्रत्येक गटात शंभर अर्ज घेऊन केला असता तर? खरा फरक तेवढाच, ३.२ टक्केबिंदू, धरला तरी ०.०५ च्या कसोटीला तो पकडता येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. शंभरातल्या ८७ संशोधकांनी ‘फरक असार्थक’ असं लिहून वही मिटली असती. दहांत आठ वेळा तरी फरक हाती लागावा असं वाटत असेल तर प्रत्येक गटात साधारण साडेअकराशे अर्ज लागतात. एम.ए.च्या मुलीने दोन महिन्यांत शंभर अर्ज पाठवून ‘जातीचा परिणाम आढळला नाही’ असं लिहिलं, तर तिने खोटं लिहिलेलं नसतं. फक्त तिच्या जाळ्याची भोकं माशापेक्षा मोठी होती, आणि हे तिला जाळं टाकण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपल्याकडच्या या दोन अभ्यासांची उत्तरं वेगळी दिसतात. नोकऱ्या वेगळ्या, वर्षं वेगळी, पद्धतही वेगळी. दुसऱ्या अभ्यासावरून ‘कॉल सेंटर जात पाहतं, सॉफ्टवेअर पाहत नाही’ असं बोललं जातं, आणि मागे यंदाच्या वर्गातल्या एका मुलीनेही अगदी तसंच लिहून आणलं. मी तिला एमिली आणि लकिशाच्या दमदार अर्जांचा तक्ता पुन्हा काढायला लावला. तिने तो पाहिला, स्वतःचं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं: ‘सॉफ्टवेअरमधला फरक किती, कॉल सेंटरमधला किती, या दोन फरकांमधलं अंतर किती, आणि त्या अंतराची प्रमाण त्रुटी किती?’